चार चाकांखालचे काटे

३ मार्च

आज गाडीसाठी शॉक अॅब्सॉर्बर बघायला गेलो होतो. काचेच्या कपाटात दागिन्यांसारखे मांडून ठेवलेत. मी तोंड उघडायच्या आत दुकानदाराने विचारलं, लाल की निळे. मी म्हटलं, रंगाचं राहू द्या, पूर्ण दाबल्यावर लांबी किती आणि पूर्ण ताणल्यावर किती ते सांगा. त्याने खोकं उलटंपालटं करून पाहिलं. खोक्यावर रंग लिहिला होता, लांबी नव्हती. मग म्हणाला, "काका, स्पोर्ट्स आहेत हे. स्पोर्ट्स म्हणजे कडक."

सगळी नोकरी वजनमापं तपासण्यात गेली. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेली चिंच, वजनाच्या बुडातून कोरून काढलेलं शिसं, गिऱ्हाइकाशी हसून बोलता बोलता काट्यावर टेकवलेला अंगठा, सगळं पाहिलंय. पण तो अंगठेवालासुद्धा आपण काय विकतोय हे जाणून होता. याला तेही ठाऊक नाही. जीपचे शॉक तो माझ्या गाडीला लावायला निघाला होता. माझी गाडी दोन सीटची, गुडघ्याएवढी, स्वतः जोडलेल्या पाइपांची. तिला ते लावले तर रस्त्यावर पडलेलं नाणं छापा आहे की काटा ते पाठीला कळेल.

काही न घेता परत आलो.

६ मार्च

मेहुणा आला होता. हिचा भाऊ. मी त्याला मनातल्या मनात सर्वज्ञ म्हणतो, हल्ली तोंडावरही निसटतं. त्याने मोबाइलवर कुठल्यातरी टोळक्याच्या गप्पा वाचल्यात आणि आता तो शॉकमधला तज्ज्ञ झालाय. भाऊजी, गॅसचे घ्या. भाऊजी, रेसवाले हेच वापरतात. भाऊजी, माझ्या मित्राच्या मित्राने. मी त्याला विचारलं, शॉक करतो काय? तर म्हणाला, गाडी उचलून धरतो.

गाडी स्प्रिंग उचलते. शॉकचं काम एकच, उडी मारून झाल्यावर स्प्रिंगला गप्प बसवणं. एवढं साधं आहे. ते मी समजावून सांगितलं तेव्हा ही डाव्या सीटवर बसून कोणाच्या तरी ब्लाउजला हुक लावत होती. म्हणाली, "म्हणजे भार एक उचलणार आणि दुसरा तिला गप्प बसवणार. आपल्या घरासारखंच की." बहीणभाऊ खिदळले. कामाच्या वेळी असली टवाळी मला खपत नाही.

गाडीला अजून बोनेट नाही, दारं तर नसणारच आहेत, पण सीट बसवल्यापासून ती डावी सीट हिने बळकावलीय. संध्याकाळी हातशिलाई घेऊन येते आणि तिथेच बसते. म्हणते, गॅरेजमध्ये टेकायला दुसरी जागा कुठे आहे. तेही खरंच आहे.

निर्णय झाला. साधे, करड्या रंगाचे शॉक मागवले. खालच्या अंगाला आटे आणि त्यावर फिरणारी रिंग, म्हणजे स्प्रिंग हवी तेवढी वरखाली करता येते. बाजूच्या खुंटीने कडक-मऊ करता येतात. स्प्रिंगा वेगळ्या, चाकावरच्या वजनाप्रमाणे वळवून घ्यायच्या. ही म्हणाली, माझ्या कमरेला सोसतील असे बघा. मी म्हटलं, गाडी कमरेवर ठरवत नाहीत, वजनावर ठरवतात.

१० मार्च

आज चारही चाकांची वजनं घेतली. असं काम मनासारखं झालं की दिवस सार्थकी लागतो.

धान्याच्या गोदामातून चार काटे आणले. गोदामवाला मला अजून घाबरतो, नाही म्हणाला नाही. आधी चारही काटे प्रमाणित वजनांनी तपासले. पाण्याच्या नळीने फरशीची पातळी पाहिली आणि जिथे कमी होती तिथे पत्र्याचे तुकडे सरकवले. टाकी अर्धी भरली. टायरची हवा सारखी केली. काटे मला स्वतःला वाचायचे होते म्हणून माझ्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या उजव्या सीटवर चालकाच्या जागी ठेवल्या. स्प्रिंगा अजून नाहीत म्हणून चाकांच्या आणि फ्रेमच्या मध्ये लाकडी ठोकळे घातले आणि गाडी दोनदा हलवून शांत होऊ दिली. दुकानदार, सर्वज्ञ आणि त्या मोबाइलवरच्या टोळक्यापैकी एकाने तरी आयुष्यात असं वजन केलं असेल तर मी मिशा उतरवीन.

एक गोष्ट फार आवडली. डावी-उजवी जवळजवळ सारखी भरली. चालक उजवीकडे असल्यामुळे उजवी जड भरेल अशी धास्ती होती. पण बॅटरी, टाकी आणि सायलेन्सर मी मुद्दाम डावीकडे घेतले होते, त्या दूरदृष्टीचं हे फळ.

ही मात्र सगळा वेळ बडबडत होती. आपली डाव्या सीटवर बसून पडद्याची कड दुमडायची, टाके घालायचे आणि बोलायचं. धाकट्या बहिणीचं पुराण. तिने तिच्या गावी शिवणाचे वर्ग काढलेत, मुली खूप येतात, तिला एकटीला झेपत नाही, घर मोठं आहे, वरचा मजला रिकामा, मागे कसलीशी शेड आहे. मी हं हं करत होतो. मागच्या डाव्या काट्याची सुई थरथरत होती, ती थांबायची वाट बघत होतो. तेवढ्यात तिने विचारलं, "मग काय करायचं? सांगा की." मी म्हटलं, "जा." सुई थांबली. आकडा टिपून घेतला.

नंतर तिने खाली मान घालून नुसते टाके घातले. त्यामुळे उरलेलं काम पटापट झालं.

११ मार्च

सर्वज्ञाने आकडे पाहिले आणि अकलेचे तारे तोडले. "भाऊजी, डावीकडे एवढं वजन आलं कुठून?" मी बॅटरी दाखवली, टाकी दाखवली. त्याने बॅटरी हाताने उचलून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. हातांनी वजन करणारी माणसं मी आयुष्यभर बाजारात पाहिलीत. त्यांच्यावर खटले भरलेत.

स्प्रिंगवाल्याकडे आकडे देऊन आलो. पुढची जोडी सारखी, मागची जोडी सारखी. हा स्प्रिंगवाला तोंडाने अतिशय वाईट आहे. म्हणाला, आकडा तुमचा, तार माझी, उद्या आकडा चुकला तर तारेच्या नावाने बोंबलत यायचं नाही. मी त्याला मी कोण होतो ते सांगितलं. त्याच्यावर काही परिणाम झाला नाही.

१४ मार्च

ही बहिणीकडे गेली. शॉकचे वरचे ब्रॅकेट वेल्डिंगने फ्रेमला डकवायचं काम चाललं होतं. गाडीखाली होतो, तिची फक्त पावलं दिसली आणि पावलांशेजारी मोठी बॅग. म्हणाली, "निघते मी." म्हटलं, "बरं." पावलं बराच वेळ तिथेच होती. मग म्हणाली, "डबे फ्रीजमध्ये आहेत." आणि गेली.

आठ दिवसांत परत येईल. धाकटीचं आणि तिचं लहानपणापासून पटत नाही. आणि एवढी मोठी बॅग कशाला लागते कोण जाणे, बायकांना सामान कमी नेता येत नाही.

२० मार्च

वास्तविक काम आता झपाट्याने व्हायला हवं. कोणी बडबडत नाही, मध्येच चहा घ्या म्हणून उठवत नाही, रेडिओ लावत नाही. तरी सहा दिवसांत मी फक्त दोन ब्रॅकेट केलेत. त्यातला एक उलटा. वीजच धड नसते हल्ली.

डाव्या सीटवर तिची उशी राहिलीय. त्यावर मी नट-बोल्टचे पाने ठेवतो.

सर्वज्ञ सांगत होता की ती तिथे रमलीय. वर्गातल्या मुली तिला मोठ्या बाई म्हणतात. मी म्हटलं, चार दिवसांचं कौतुक असतं. तो म्हणाला, "भाऊजी, तिला फोन तरी करा." मी म्हटलं, ती गेलीय, तिने करावा. असले सल्ले देणारा माणूस स्वतः बायकोला न विचारता मोजेही विकत घेत नाही.

२४ मार्च

स्प्रिंगा आल्या, शॉक आले. आज चारही बसवले. आधी स्प्रिंग शॉकवर चढवायची, रिंग हातानेच वर आणायची, मग वरचा बोल्ट, मग खालचा. दोन्हीकडे बोल्टभोवती रबरी बुश. बोल्ट पूर्ण कसायचे नाहीत, आधी गाडी चाकांवर उतरवायची, तिचं तिला बसू द्यायचं आणि मग कसायचे. नाहीतर बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतात आणि महिन्याभरात फाटतात. हे दहातल्या नऊ मेकॅनिकना माहीत नसतं. दहाव्याला माहीत असतं, पण त्याला घाई असते.

आकड्यांप्रमाणे रिंगा बसवल्या. डाव्या-उजव्या सारख्याच. अंधार पडायच्या आत बोल्ट कसून झाले. कोणाला तरी दाखवावं असं वाटलं. गॅरेजमध्ये कोणी नव्हतं.

२५ मार्च

गाडी वाकडी बसलीय.

मी उजवीकडे बसलो की डावी बाजू चांगली दोन बोटं वर राहते. मागच्या गल्लीतून बंद गोदामाच्या आवारापर्यंत नेऊन आणली. सरळ रस्त्यावर ठीक. जरा खड्डा आला की डावं चाक उड्या मारतं, जसं काही त्याच्यावर कोणी नाहीच. परत येताना कुत्रं भुंकलं, ते मी समजू शकतो. पण सर्वज्ञ फाटकाशी उभा होता. मान तिरकी करून बघत होता.

म्हणाला, रिंग फिरवा, डावी खाली घ्या, अर्ध्या तासाचं काम. मी म्हटलं, आकडे सांगतात डावी-उजवी सारखी. आकडे बरोबर असताना रिंग फिरवणं म्हणजे वजन कमी भरलं म्हणून काट्याची सुई वाकवणं. जन्मभर ज्याच्यासाठी दुसऱ्यांना दंड केला ते मी माझ्या गॅरेजात करणार नाही. खोट स्प्रिंगांमध्ये आहे. तारेत लबाडी केलीय.

२७ मार्च

स्प्रिंगवाल्याशी भांडण. चारही स्प्रिंगा उतरवून त्याच्या टेबलावर आदळल्या. त्याने त्या एकेक करून यंत्राखाली धरल्या, दाबल्या आणि मला आकडे वाचायला लावले. आकडे बरोबर होते. मी यंत्र तपासायला मागितलं. त्याने माझ्याच जुन्या कचेरीचा शिक्का दाखवला. शिक्का ताजा होता.

मग म्हणाला, "साहेब, तार खोटं बोलत नाही. तुमच्या गाडीत काहीतरी होतं ते आता नाही." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. उद्धट माणूस. रिक्षात स्प्रिंगा मांडीवर घेऊन परत आलो.

पासिंगची तारीख आठ एप्रिल आहे. वाकडी गाडी घेऊन गेलो तर तिथला कोणी पोरगेलासा निरीक्षक मला नापास करणार. मला. निरीक्षकाला.

३० मार्च

शेवटी स्प्रिंगा परत बसवून पुन्हा वजन केलं. तेच काटे, तीच फरशी, तेच पत्र्याचे तुकडे, अर्धी टाकी, वाळूच्या त्याच पिशव्या उजव्या सीटवर. फक्त उशीवरचे पाने काढून बाजूला ठेवले.

चोपन्न किलो कमी भरले. बहुतेक सगळे डावीकडचे, थोडे उजवीकडचेही. शॉक, स्प्रिंगा बसल्यावर गाडी उलट चार किलोंनी जड व्हायला हवी.

काटे परत तपासले. बरोबर. म्हणजे गाडीतून माल गेलाय. आधी संशय सर्वज्ञावर आला, तो इथे हवा तेव्हा येतो-जातो. दुपारभर नट-बोल्ट, हत्यारं, पाइप, सगळं पडताळलं. काहीच गेलेलं नाही. आणि चोपन्न किलोचं काय कोणी खिशात घालून नेणार?

२ एप्रिल

आज काही केलं नाही. डबे केव्हाच संपले. गाडीकडे बघत बसलो होतो. बसायला डावी सीटच आहे.

३ एप्रिल

सर्वज्ञाचा फोन. ती रविवारी येतेय. मी म्हटलं, सांगितलं होतं की नाही, चार दिवसांचं कौतुक. तो म्हणाला, राहायला नाही येत. शिलाई मशीन न्यायला टेंपो घेऊन येतेय.

मशीन जिन्यावरून खाली आणायचं म्हणजे दोन धट्टीकट्टी माणसं लागतात. लोखंडी आहे. एकदा गेलं की ते काही परत आणण्यासारखं नाही. दिवसभर डोकं ठिकाणावर नव्हतं, चांगला अर्ध्या इंचाचा पाना हरवून बसलो आणि खिशातच सापडला.

६ एप्रिल

सगळं क्रमाने लिहितो.

ती सकाळी आली. जरा उजळल्यासारखी दिसली, ते बघून मला राग आला. टेंपोवाला आणि सर्वज्ञ मशीन जिन्यावरून उतरवत होते आणि अर्थातच चुकीच्या बाजूने धरत होते. मी काही बोललो नाही. मी बोललो नाही हे पाहून सर्वज्ञ घाबरला.

ती गॅरेजमध्ये आली. म्हणाली, उशी राहिली होती माझी. मी म्हटलं, आहे तिथेच आहे. तिने उशी उचलली नाही. सवयीने पदर सावरला, पाय आत टाकला आणि बसली.

मी समोर उभा होतो. गाडी हळूच खाली आली. डावी बाजू दोन बोटं उतरली आणि थांबली. शॉकने नीट काम केलं, एकही हेलकावा नाही. मी उजवीकडे जाऊन बसलो. पुढच्या काचेच्या चौकटीवर पातळीची नळी ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध.

मी नळीकडे बघत राहिलो. मागे सर्वज्ञ दारात आला होता. त्याने नळी पाहिली, बहिणीला पाहिलं, मला पाहिलं आणि भिंतीला धरून हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला लागला. "भाऊजी, तुम्ही हिचं वजन गाडीत धरलंत," एवढंच कसंबसं म्हणाला. ती म्हणाली, कसलं वजन? मी म्हटलं, जरा चक्कर मारून येऊ.

गोदामाच्या आवारात दोन फेऱ्या मारल्या. काय चालते गाडी. खड्डे होते, चारही चाकांनी ते मोजून घेतले आणि सोडून दिले. डावं चाक एकदाही उडालं नाही. ती म्हणाली, "कमरेला लागत नाही हो." मी म्हटलं, लागणार कसं, तुझ्या वजनावर वळवल्यात स्प्रिंगा. आणि मग तिला सगळं सांगितलं, काटे, पिशव्या, चोपन्न किलो. मला वाटलं ती हसेल. दुकानदारांच्या काट्यावरचा अंगठा धरणारा मी, आणि माझ्या काट्यावर आख्खी बायको बसली होती तरी मला दिसली नाही. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर मी त्याची चार गावांत छी थू केली असती.

ती हसली नाही. "एवढा वेळ मी तिथेच बसले होते," म्हणाली.

फाटकाशी आलो. टेंपोवाल्याने हॉर्न दिला. ती उतरली आणि डावी बाजू दोन बोटं वर आली. ते मला बघवलं नाही. मला खरंच बघवलं नाही, म्हणून लिहितो. मी स्टिअरिंग धरून बसलो होतो. विचारलं, "त्या दिवशी तू काय विचारत होतीस?"

कोणत्या दिवशी, असं तिने विचारलं नाही.

"विचारत होते, वरचा मजला रिकामा आहे, मागे शेड आहे, गाडी मावेल. आपण दोघं जायचं का? तुम्ही म्हणालात, जा."

टेंपोवाल्याने पुन्हा हॉर्न दिला. असल्या माणसांचे परवाने काढून घेतले पाहिजेत. नेमकं तेव्हा सर्वज्ञ टेंपोला मशीन बांधायची दोरी घट्ट आहे का ते उगाचच बघायला निघून गेला. एवढ्या वर्षांत त्याने केलेलं हे पहिलं शहाणपणाचं काम.

मी विचारलं, "शेड लांबीला किती आहे?"

"अठरा पावलं. गेल्या गेल्या मोजली मी."

"पावलांनी?"

"मग कशाने मोजणार? टेप तुमच्याकडे होती."

टेंपो गेला. उशी सीटवरच होती. ती राहिली की तिने ठेवली, हे मी विचारलं नाही.

७ एप्रिल

स्प्रिंगांना हात लावलेला नाही. सर्वज्ञ सकाळी येऊन, एकटे फिरणार असाल तोवर डावीकडे वाळूची पिशवी ठेवा, असं सुचवून गेला. त्याला हाकलून दिलं.

उद्याच्या पासिंगची तारीख रद्द केली. तिच्या बहिणीच्या गावी पासिंग होतं का, याची चौकशी करायला हवी. फोनवरच्या बाईला माहीत नव्हतं. कोणालाच काही माहीत नसतं.

काटे गोदामवाल्याला परत दिले. आता अठरा पावलं. कोणाची पावलं? चपलेसकट की अनवाणी? भिंतीपासून धरली की दारापासून? गाडी आत घ्यायची म्हणजे दाराची रुंदी लागणार, छताची उंची लागणार, फरशीचा उतार बघावा लागणार, आणि ही म्हणे पावलांनी मोजते. तिच्या मापावर विसंबून काहीही ठरवता येणार नाही. सकाळच्या पहिल्या बसने टेप घेऊन स्वतःच जावं लागणार आहे.